मुराळी होऊन जामनगरला

अकोल्याची एसटी डोणगावात थांबली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एकीत कपडे होते. दुसरीत कुरड्या, बिबड्या (ज्वारीचे पापड), हातच्या शेवया आणि घरचं लाल तिखट. यांनी पिशव्या वर चढवून दिल्या आणि खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"तिले घेऊनच ये," म्हणाले. "अन् नाहीच आली, तं बिबड्या तरी वापस आणजो."

बस हलली, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही. मला बोलायला वेळ लागतो. चार बायका बसल्या की माझा आवाज आतच राहतो. जामनगरहून आल्यावर सगळ्यांनी विचारलं, समुद्र कसा असते, काय काय पाह्यलं, आणि मी "चांगलं होतं" एवढंच म्हणाले. जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

मी गेले होते माझ्या धाकट्या बहिणीला आणायला. वच्छीचं लग्न गुजरातेत झालं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. ओळखीतल्या एकाने स्थळ आणलं, तिकडची चार माणसं जीपमध्ये आली, देवळात लग्न लागलं आणि त्याच दिवशी ती गेली. तेव्हापासून ती एकदाही माहेरी आली नाही. आमच्याकडे लेक आपल्या मनाने माहेरी येत नाही. माहेरचं कोणीतरी तिला न्यायला जातं, त्याला मूळ जाणं म्हणतात, आणि जो जातो तो मुराळी. बहुतेक भाऊच जातो. वच्छीच्या बाबतीत बाबा आजारी पडले, मग गेले. भाऊ पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ म्हणत राहिला. पुढे फोन आले. फोनवर आम्ही म्हणायचो, "ये ना वं," आणि ती म्हणायची, "येतो ना." आम्हाला वाटायचं ती निघेल. तिला वाटायचं कोणी न्यायला येईल. असं करता करता माय गेली, भावाने घर विकलं आणि तो पुण्याला गेला. मूळ जायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. बाई मुराळी झालेली मी तरी पाहिली नव्हती.

अकोल्याच्या स्टेशनवर नसीमआपा भेटल्या. आमच्याच गल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. त्या बाजारासाठी आधीच अकोल्यात आल्या होत्या आणि लेकीकडे सुरतला निघाल्या होत्या. सुरतपर्यंत त्यांची सोबत होती. गाडीत गर्दी होती आणि मी दाराजवळच उभी राहिले.

"काऊन वं, जागा माग ना," आपा म्हणाल्या.

मी मान हलवली.

"राहू दे. चुपच राह्य. लोक तुले मुकी समजून जागा देतीन. त्याचाही फायदाच हाय."

खरंच एका माणसाने सरकून जागा दिली. आपा माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आता सुरतलोक (सुरतपर्यंत) बोलू नको, नाहीतं उठवीन तो." मी पदर तोंडावर धरून हसले. सुरतला उतरताना त्यांनी बांगड्यांचं एक पुडकं माझ्या पिशवीत टाकलं. "बहीनले भर. माप मले माहीत नाही, पन मेहनतीचा हात फुगते, म्हनून मोठ्याच देल्या." त्या उतरल्यावर डबा एकदम परका झाला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि मनात एकच वाक्य घोकत राहिले, वच्छे, चाल, तुले न्यायले आलो.

जामनगरला सकाळी उतरले. फलाटावर मी वच्छीला शोधत होते आणि वच्छी माझ्यासमोरच उभी होती. तिने गुजराती पद्धतीने पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतला होता, म्हणून माझी नजर तिच्यावरून दोनदा पुढे गेली. मग तिने "ताई" म्हटलं. आवाज तोच होता. आम्ही गळ्यात पडलो नाही. तिने माझ्या हातातली जड पिशवी घेतली आणि तिचं वजन पाहून म्हणाली, "बिबड्या हायत का वं?"

तिचा नवरा करसनभाई बाहेर रिक्षाजवळ उभा होता. रिक्षा त्याच्या मित्राची होती. करसनभाई पाहुण्यांना पक्षी आणि समुद्र दाखवायचं काम करतो. हिवाळा हा त्याच्या कामाचा काळ. गाव जामनगरपासून फार लांब नाही, पण रस्ता संपता संपता जमीन पांढरी होत गेली. दूरवर पांढरेशुभ्र ढीग दिसले.

"इकडं बी कापूस लय पिकते का?" मी विचारलं.

"ताई, मीठ हाय थे," वच्छी म्हणाली.

घर बसकं, स्वच्छ. अंगणात एक म्हैस. ओसरीवर खाटेवर वच्छीची सासू. तिला सगळे बा म्हणतात. बाचे पाय गेले आहेत, पण कान आणि जीभ चांगली आहे. मी पाया पडले, तर तिने माझी हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि थेट विचारलं, "तेडवा आव्यां?" (न्यायला आलात?)

घोकलेलं वाक्य मला वच्छीला एकटीला सांगायचं होतं. ते असं ओसरीवरच उघडं पडलं. मी हो म्हणून मान हलवली.

"लई जाव," बा म्हणाली. "पण पाछी मोकलजो." (घेऊन जा, पण परत पाठवा.)

वच्छी आत चहा करत होती. तिने ऐकलं असणार.

जेवायला बाजरीचा रोटला, लसणाची लाल चटणी, ताक आणि ओळो होता. ओळो म्हणजे आपलं वांग्याचं भरीत. त्यात सांबार (कोथिंबीर) आपल्यासारखंच भरपूर घातलं होतं. वच्छीने बिबडी भाजली आणि उभ्या उभ्याच खाल्ली. तिची मराठी हळू झाली आहे. एखादा शब्द आठवायला ती थांबते, गुजराती शब्द येतो, तो गिळून पुन्हा शोधते. पण म्हशीशी ती अस्सल आपल्या भाषेत बोलते. "सरक वं, पाय काऊन देऊन राह्यली," असं म्हटलं की म्हैस सरकते.

"हमारी भैंस पक्की मराठी है, बेन," करसनभाई म्हणाला. "मैं गुजराती में बोलूँ तो मेरी तरफ देखती भी नहीं."

सगळे हसले. इतक्या वर्षांत घरात तिच्याशी मराठी बोलायला ती म्हैसच होती, हे मागून माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पक्ष्यांच्या अभयारण्यात गेलो. एक लांब मातीचा बांध आहे. बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, तिथे लव्हाळी आणि कमळाची पानं. दुसऱ्या बाजूला खारं, तिथे चिखल, खारफुटीची झुडपं आणि पलीकडे मिठागरं. एका बांधाने दोन पाणी वेगळी ठेवली आहेत. पाखरं दोन्हीकडे जातात. गोड्या बाजूला बदकं होती, पाण्यावर सांडलेल्या डाळीसारखी. पाणकावळे पंख उघडून वाळत बसले होते. मोठ्या चोचीचे पाणकोळी एका ओळीत पोहत होते आणि एकाच वेळी मान पाण्यात घालत होते, पंगतीत सगळ्यांनी एकदम घास घ्यावा तसे. खाऱ्या बाजूला रोहित (फ्लेमिंगो, तिथे सुरखाब म्हणतात) उथळ पाण्यात उभे होते. उभे असताना ते पांढरटच दिसतात. मला वाटलं, एवढं काय कौतुक.

बांधावर तीनचार पाहुणे मोठाले कॅमेरे लावून श्वास रोखून बसले होते. करसनभाईने मला बोट ओठांवर ठेवून दाखवलं. तेवढ्यात वेड्या बाभळीतून एक रोही (नीलगाय) बाहेर आला. काळानिळा, मोठा नर. माझं डोकं काही विचार करण्याआधीच माझा हात वर गेला आणि मी ओरडले, "हाऽऽ हाऽऽ हुर्रर्र!"

आमचा हरभरा दरवर्षी हेच खातात. रात्र रात्र जागून आम्ही यांनाच हाकलतो. आयुष्यात मी चारचौघांत एवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते, आणि ओरडले ते इथे.

रोही उडी मारून गेला. त्याच्यामागे सगळं पाणी उठलं. बदकं उडाली, बगळे उडाले आणि रोहित उडाले. तेव्हा त्यांचे पंख उघडले आणि आतला रंग दिसला. लाल आणि काळा. सगळं आकाश खालच्या बाजूने पेटल्यासारखं झालं. ते एक वळसा घेऊन हळूहळू लांब जाऊन उतरले.

कॅमेऱ्यामागचा एक माणूस वळला. "क्या हुआ, बहनजी?"

मी उगारलेला हात खाली घेतला. वच्छी पुढे झाली. "साहब, हमारे गाँव में ये हरभरा खा जाता है."

"पर यहाँ तो हरभरा नहीं है."

"हाँ साहब. ताई की आदत है."

तो माणूस हसला. म्हणाला, पंख उघडलेले फोटो आपोआप मिळाले. मी मात्र जमिनीत शिरायची बाकी होते. वच्छी बांधावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ताई, मी नवी आली ना, तवा मीबी हेच केल्तं. याचे पाव्हने होते. हा माह्यासंगं आठ दिवस बोलला नाही."

त्या हसण्यात मला आमच्या घरची वच्छी पहिल्यांदा दिसली. मी तिच्याजवळ बसले. डोक्यावरून क्रौंच पक्षी चालले होते. तिकडे त्यांना कुंज म्हणतात. उडताना ते सारखे एकमेकांना हाका मारतात, पुढचा मागच्याला, मागचा पुढच्याला.

"हे कुठून येतात वं?" मी विचारलं.

"लय लांबून. बर्फातून, म्हनते हा. दर साली येतात." थोडं थांबून ती म्हणाली, "त्याइले न्यायले कोनी जात नाही."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण हाकांचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही दोघी वर पाहत राहिलो, आणि मग करसनभाई पाण्याची बाटली घेऊन आला.

त्याच्या पुढच्या दिवशी त्याने आम्हाला समुद्राच्या राखीव उद्यानात नेलं. तिथे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की त्याच्या तळावरून चालता येतं. समुद्र पाहायला गेले आणि समुद्रच नव्हता. दगड, शेवाळ आणि मधे मधे पाण्याचे खळगे. करसनभाईने सांगितलं होतं की बूट घाला. माझ्याजवळ चप्पल होती. दहा पावलांत एक चप्पल चिखलाने घेतली ती घेतलीच. मग वच्छीने तिच्या बुटातला एक मला दिला आणि आम्ही दोघी एकेका बुटावर चाललो.

खळग्यात पाहायला शिकावं लागतं. आधी काही दिसत नाही. मग दगड हलतो आणि तो खेकडा असतो. फूल मिटतं आणि तो प्राणी असतो. हिरवट-तपकिरी गाठी दिसल्या, त्या पोवळ्याच्या, आणि जिवंत. एक आठ पायांचा जीव होता, तो ज्या दगडावर गेला त्या दगडाच्या रंगाचा झाला. एका खळग्यात फुगा मासा होता. आमची सावली पडली तसा तो फुगून चेंडू झाला आणि आमच्याकडे रागाने पाहत तरंगत राहिला.

"बा अशीच करते, औषधाची वेळ झाली का," वच्छी म्हणाली.

करसनभाई पुढे होता, मग वच्छी, मग मी. मी खळग्यांपेक्षा तिचे पाय जास्त पाहत होते. आमचं माहेर लोणारजवळचं. लहानपणी सरोवराच्या पाण्याला ती इतकी भ्यायची की काठावरच्या झाडाला धरून उभी राहायची. आता ती समुद्राच्या तळावरून, आपण वाफ्यांमधून चालतो तशी चालत होती. कुठे पाय बुडेल, कुठला दगड हलेल, तिला खाली पाहावंही लागत नव्हतं.

"भेव नाही लागत आता?" मी विचारलं.

"लागत होतं पह्यले. लोनारचं पानी बी खारंच, पन थे कुठी जात नाही. हे जाते अन् येते. दिसाच्या दोन खेपा. मले वाटे, आता नाही येनार. पन येते."

मागे वळायची वेळ झाली तेव्हा पाणी खरंच आलं. आवाज न करता आलं. ज्या खळग्यांत आम्ही वाकून पाहिलं ते एकेक करून भरत गेले. आम्ही काठावर पोहोचलो आणि वळून पाहिलं, तर जिथे आम्ही चाललो होतो तिथे समुद्र होता, आणि आपल्या खाली काहीच नाही अशा थाटात चमकत होता.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी वच्छी मला बालाचडीच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. करसनभाई लांब रिक्षाजवळ थांबला. आम्हाला दोघींनाच बोलायचं आहे, हे त्याला कळलं होतं. वाळू ओलसर, सपाट, आणि पाणी फार लांब. आम्ही दोघीच बसलो. मी नसीमआपांनी दिलेल्या बांगड्या काढल्या आणि तिच्या हातात भरल्या. माप बरोबर निघालं. हात हातात होता म्हणून मला बोलता आलं.

"वच्छे, चाल ना संगं. तुले न्यायले आलो मी."

"कुठी?"

"घरी."

"कोनाच्या?"

मी म्हणाले, माझ्या. डोणगावला. एक खोली रिकामी केली आहे.

ती बांगड्या मागे-पुढे करत राहिली. मग विचारलं, "आपलं घर कसं हाय?"

घर विकलं हे तिला माहीत होतं. पण इतक्या वर्षांत फोनवर तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"पाडलं. तिथी टिनाचं गोदाम हाय आता."

"अन् हौद?"

"बुजवला."

"शेवग्याचं झाड?"

मी वाळूकडे पाहिलं.

"मंग नको सांगू," ती म्हणाली.

पाणी अजून लांबच होतं. मग ती बोलली, आणि एकदाही शब्दाला अडली नाही.

"दुपारचं बाचं आंग पुसून झालं का मी जराशी पडतो. तवा मी घरी जातो, ताई. रोज जातो. फाटकातून जातो, हौदावर पाय धुतो. माय चुलीपाशी असते, मले म्हनते, आली का वं. तूबी असते. तुह्या घरी मी आली असती, काऊन नाही? पन तुह्या घरून थे गोदाम लांब नाही. मी पाहीन थे. मंग मी दुपारची कुठी जाऊ?"

मी रडले. ती नाही रडली. तिने माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला, मोठी बहीण असल्यासारखा.

"इतके साल वाट पाह्यली ना वं तू?" मी विचारलं.

"पाह्यली. आखाजी (अक्षय्य तृतीया) आली का घर सारवून ठेवत होतो. म्हनलं, पाव्हना येईन न्यायले. बा म्हने, कोनासाठी सारवतं? मी म्हनो, असंच." मग ती म्हणाली, "आता कोनी म्हननार नाही का हिचं मूळ आलं नाही. आलं ना. जानं का न जानं माह्या हातात हाय."

निघायच्या दिवशी ती पहाटे उठली होती. मी आंघोळ करून आले तर अंगणात पाट मांडलेला. तिने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. गहू, नारळ, खण आणि हिरवी साडी. बा खाटेवरून सांगत होती आणि वच्छी तिचं न ऐकता आपल्याकडच्या रीतीने करत होती. माय गेल्यापासून माझी ओटी माहेरची म्हणून कोणी भरली नव्हती. ते तोपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. वच्छीची आठवण करून करून आम्ही तिलाच माहेराविना समजत होतो. मलाही कुठे होतं?

स्टेशनवर तिने रोटले आणि चटणी बांधून दिली. गाडी लागल्यावर म्हणाली, "आखाजीले याले धाडतो तुले न्यायले. आपल्या मनानं निघजो नको. मूळ आल्याबिगर लेक येत नसते."

"मैं आऊँगा, बेन," करसनभाई म्हणाला. "पर आपके यहाँ नीलगाय को भगाना पड़ेगा क्या?"

"हाँ," मी म्हणाले. "रात को." तो इतका हसला की फलाटावरची माणसं वळून पाहायला लागली.

गाडी हलली. वच्छी बरोबर चालू लागली नाही. जिथे होती तिथेच उभी राहिली. मिठाचे ढीग गेले, मग शेतं आली. येतानाचा प्रवास मला फारसा आठवत नाही. साडीचा वास नवा होता, तो आठवतो.

डोणगावला हे घ्यायला आले होते. त्यांनी पिशवी उचलली, मागे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"नाही आली?"

"नाही."

"मंग? कायले गेल्ती एवढ्या लांब?"

"माहेरी गेल्तो," मी म्हणाले.

माझी नवी साडी त्यांनी तेव्हा पाहिली.

आता हरभऱ्याला घाटे लागले आहेत. रोही अजून येतात आणि मी अजून ओरडते, पण आधी जरा थांबून पाहते. दुपारचं मेथी-सांबाराला पाणी दिलं की मीही थोडी पडते. आमचं पाडलेलं घर मला दिसत नाही, मी ते गोदाम पाहिलं आहे ना. मला बांध दिसतो, दोन्हीकडचं पाणी दिसतं, हसून हसून डोळे पुसणारी वच्छी दिसते. आखाजीला पुष्कळ दिवस आहेत, हे मला कळतं. तरी दारात मोटारसायकल थांबली की मी हात पुसत बाहेर येते.